कडू दुधी आणि दिवाळीचा ज्यूसर

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना आठवत असेल, मध्ये दोनदा कुकरची शिट्टी आहे आणि एकदा आईचा आवाज आहे. शिरपूरला घरी बसूनच रेकॉर्ड केला होता. लिहून काढताना बोलण्यातलं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे. बऱ्याच जणांनी मेसेज केले की हा भाग लिहून टाका, घरच्या मोठ्यांना वाचायला द्यायचाय. म्हणून नेहमीपेक्षा लवकर टाकतोय.

विषय आहे घरी ताज्या फळांचा आणि भाज्यांचा ज्यूस करणं. ऐकायला अगदी साधा. यात चाळीस मिनिटं बोलण्यासारखं काय आहे, असं मला वर्षभरापूर्वी कोणी म्हटलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. आता नाही म्हणणार.

झालं असं. माझे पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून रिटायर झाले. शुगर निघाली, गोळी सुरू झाली. मी पुण्यात नोकरीला. मुलगा लांब राहत असला की काय करतो, वस्तू पाठवतो. दिवाळीला मी एक ज्यूसर घेऊन गेलो. चांगला, महागातला. पप्पा खूश. आईने एकदा त्याचे सुटे भाग मोजले, सात निघाले, आणि म्हणाली, ‘हे रोज कोण धुणार?’ प्रश्न बरोबर होता, पण त्या दिवशी कोणी मनावर घेतला नाही.

पहिले तीन-चार महिने रोज सकाळी गाजर, बीट आणि सफरचंद. मोठा स्टीलचा ग्लास भरून. बीटाचा एक किस्सा सांगतोच. तिसऱ्या दिवशी पप्पांचा सकाळी सकाळी फोन, आवाज घाबरलेला. लघवी लाल झाली होती. बीट खाल्ल्यावर काही लोकांना होतं तसं, बीटाचा रंगच बाहेर पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसलं की माणूस हबकतो. तेव्हा घरात बीट नवीन सुरू केलं असेल तर मोठ्यांना सांगून ठेवा.

मग मार्चमध्ये तपासणी झाली आणि एचबीएवनसी ७.१ वरून ७.९ वर गेलेलं. पप्पांचं म्हणणं, ‘मी तर साखरेचा कणसुद्धा टाकत नाही.’ खरंच टाकत नव्हते. इथून मी वाचायला लागलो.

आता ज्यूसर नेमकं करतो काय ते बघू. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. एक, जुना मिक्सर आणि सुती फडकं. दुसरा, गरगर फिरणारा ज्यूसर. त्यात खाली किसणीसारखी चकती असते, बाजूला जाळी, आणि मिनिटाला हजारो फेरे. कपडे वाळवायच्या मशीनसारखंच, रस जाळीतून बाहेर फेकला जातो आणि चोथा वेगळा पडतो. तिसरा ‘कोल्ड प्रेस’, ज्यात एक जाड स्क्रू हळूहळू फिरत पिळून काढतो. उसाच्या चरकाचा लहान भाऊ समजा. मी घेतला होता तो हा तिसरा.

कोल्ड प्रेसचा रस जास्त निघतो, फेस कमी येतो, रंग जरा जास्त वेळ टिकतो. इथपर्यंत खरं. ‘एन्झाइम जिवंत राहतात म्हणून पचायला फायदा’ असं जे दुकानदार सांगतात ते मात्र मला पटत नाही. एन्झाइम म्हणजे प्रथिनं. पोटातल्या आम्लात गेली की इतर प्रथिनांसारखीच त्यांचीही मोडतोड होते. त्यासाठी दहा-बारा हजार घालायची गरज नव्हती. मी घातले, तो भाग वेगळा.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखी: चोथा मागे राहतो. चोथा म्हणजेच तंतू, ज्याला आपण फायबर म्हणतो त्याचा बहुतेक भाग. एका मध्यम संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर असते आणि ३ ग्रॅमच्या आसपास फायबर. संत्रं सोलून खाल्लं तर चावायला वेळ लागतो, फायबरमुळे साखर हळू शोषली जाते, आणि दोन संत्र्यांनंतर माणूस थांबतो. २०० मिली रस काढायला मात्र तीन संत्री लागतात, त्यात १६-१७ ग्रॅम साखर येते, फायबर जवळजवळ शून्य, आणि ग्लास एका मिनिटात रिकामा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ‘मोकळी साखर’ अशी एक व्याख्या आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं त्या व्याख्येत एकत्र बसतं. सबंध फळातली साखर त्यात धरलेली नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांपेक्षा कमी मोकळी साखर, असं ते सांगतात. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला ढोबळमानाने २५ ग्रॅम. पप्पांच्या गाजर-बीट-सफरचंदाच्या एका ग्लासात वीस ग्रॅमच्या पुढे जात होती. चहात साखर बंद करून इकडून परत आणत होतो, आणि तीही माझ्याच मशीनमधून.

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास छापून आला होता. सबंध फळं खाणाऱ्यांमध्ये, विशेषतः द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी, टाइप टू मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं, तर फळांचा रस जास्त पिणाऱ्यांमध्ये जास्त. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, फक्त संबंध दाखवतो. पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडेही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना पाण्यात मिसळून केलेल्या रसाच्या पाकिटांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितला. ती गोष्ट पाकिटांची. घरच्या ग्लासावर लेबल नसतं, म्हणून आपण त्याला आपोआप चांगलं समजतो.

हे सगळं मी पप्पांना फोनवर समजावलं. त्यांना पटलं. आणि पटलं इथेच घोळ झाला. त्यांनी सरळ हिशोब केला: गोड चालत नाही ना, मग कडू. गाजर, सफरचंद बंद. दुधी आणि कारलं सुरू. सकाळी करवंद नाक्याकडे फिरायला जाणारा त्यांचा ग्रुप आहे, त्यात एक जिभाऊ कित्येक वर्षं दुधीचा रस पितात. व्हॉट्सॲपवर तर काय, हृदयापासून केसांपर्यंत सगळ्याला दुधी. मलाही वाटलं, बरंच आहे की. दुधीत ९५ टक्क्यांच्या वर पाणी, साखर नगण्य. मीच म्हटलं, चालू द्या.

मे महिन्यात मामांनी शेतातून दुधी पाठवले. बांधावर आपोआप उगवलेला वेल होता, कोणी लावलेला नाही. खानदेशातला मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४४ च्या खाली यायला तयार नसतो. त्या सकाळी पप्पांनी अर्धा दुधी, एक कारलं, पुदिना, लिंबू, काळं मीठ असा रस काढला. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. आई म्हणाली, ‘इतलं कडू शे तर टाकी द्या ना.’ पप्पांचं उत्तर, ‘कडू शे म्हनीसनच ते औषध शे.’ आणि अख्खा ग्लास संपवला.

अर्ध्या तासात पोटात कळ, मग उलट्या, मग जुलाब. दुपारच्या आत उलटीत रक्त दिसलं. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, खूप खाली होतं, सलाईन लावून धुळ्याला न्यायला सांगितलं. पन्नासेक किलोमीटर. आईने मला फोन केला तेव्हा गाडी सावळद्याच्या पुलावर होती. तिला रडू येत नव्हतं, ती फक्त म्हणत होती, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो आणि माझ्या डोक्यात तो सात भागांचा ज्यूसर होता.

पप्पा चार दिवस ॲडमिट होते. एंडोस्कोपीत जठराच्या आतल्या अस्तरावर ठिकठिकाणी जखमा दिसल्या. आता ठीक आहेत. ऐकताना ज्यांचा जीव वर-खाली झाला त्यांच्यासाठी हे आधीच सांगून टाकतो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: दुधीचा तुकडा आधी चाखला होता का? आमच्या घरात काकडी चाखतात. टोक कापून घासतात, मग चाखतात, हे लहानपणापासून बघितलंय. दुधी चाखायचा असतो हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

आता यामागचं शास्त्र. काकडी, दुधी, दोडका, कलिंगड, लाल भोपळा हे सगळे एकाच वेलवर्गीय कुळातले. या कुळाकडे स्वतःच्या संरक्षणासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, किडे आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून. माणसाने हजारो वर्षं गोड फळांचं बी निवडत निवडत आपल्या ताटातल्या जाती तयार केल्या, त्यामुळे त्यांच्या फळात ही द्रव्यं अगदी कमी असतात. पण ती कला वेल विसरलेला नसतो. दोन वाटांनी ती परत येते.

पहिली वाट बियाण्याची. तंबोऱ्याचा, सतारीचा भोपळा आपण बघतो ना, मिरजेला ज्याची वाद्यं बनतात, आणि सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरकडे ज्याची लागवड होते, तो आणि आपला भाजीचा दुधी वनस्पतिशास्त्रात एकच जात आहे. पूर्वी पाठीला सुके भोपळे बांधून पोरं नदीत पोहायला शिकायची, तेही हेच. त्यातले बरेच कडू असतात. मधमाशीने कडू वेलाचं परागकण गोड वेलावर नेलं तर त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, कारण फळाचा गर आईवेलाचा असतो. पण त्या फळातलं बी पुढच्या वर्षी उगवलं की त्या वेलाचं फळ कडू निघू शकतं. म्हणजे घरचं धरलेलं बी किंवा उकिरड्यावर, बांधावर आपोआप आलेला वेल, इथे धोका जास्त. मामांचा वेल नेमका असा होता.

दुसरी वाट ताणाची. कडक ऊन, पाण्याची ओढ, जमिनीत कस कमी, अशा वेळी वेल ही द्रव्यं जास्त बनवतो. आमच्याकडच्या मे महिन्याचं वर्णन यापेक्षा नेमकं करता येणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त पडलेला प्रश्न. आपल्या आज्या-पणज्या दुधीची भाजी करत आल्या, कधीतरी कडू निघतच असेल, मग इतकं कधी ऐकलं कसं नाही? याचं उत्तर ज्यूस या प्रकारातच आहे. भाजी कडू लागली की माणूस पहिल्या घासाला थुंकतो, आई कढई रिकामी करते, विषय संपला. पोटात जातं ते एक घासभर. ज्यूसमध्ये पाव-अर्धा किलो दुधी कच्चा, एका ग्लासात, घटाघट. वर लिंबू, पुदिना, मीठ, म्हणजे जिभेला कळू नये याची पूर्ण व्यवस्था. त्यातही औषध म्हणून घेतोय अशी मनाची तयारी. निसर्गाने थुंकायला लावणारी जी चव दिलीय तिलाच आपण गुण समजतो. आमच्या कामात एक नियम असतो, बाहेरून आलेला डेटा तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. जीभ तेवढंच काम करते. पप्पांच्या जिभेने एरर दिला होता, त्यांनी तो बंद करून पुढे नेलं.

आणि शिजवल्याने सुटका होते असंही समजू नका. ही द्रव्यं उष्णतेला दाद देत नाहीत. जर्मनीत २०१५ च्या ऑगस्टमध्ये एक ७९ वर्षांचे गृहस्थ घरच्या बागेतल्या झुकिनीची शिजवलेली डिश खाऊन दगावले. झुकिनी म्हणजे तिकडची दुधीच्या कुळातली भाजी. पत्नीने कडू लागली म्हणून थोडीशीच खाल्ली, त्या वाचल्या.

आपल्या देशातली जास्त गाजलेली घटना २०१० ची, दिल्लीची. एका सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, मधुमेह होता म्हणून दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घ्यायचे. त्या दिवशीचा रस नेहमीपेक्षा कडू होता. ते गेले, त्यांच्या पत्नीही तोच रस प्यायल्या होत्या, त्या आजारी पडल्या पण वाचल्या. शास्त्रज्ञ माणूस. तेव्हा ‘अडाणी लोक पितात’ वगैरे म्हणू नका. त्यानंतर केंद्राच्या पातळीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. पुण्यातही जून २०१८ मध्ये चाळिशीतल्या एका महिलेचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. बातमी वाचल्याचं आठवतं, पुढे सरकवल्याचंही आठवतं.

समितीने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत आणि मी त्या आमच्या फ्रिजवर चिकटवल्यात. रस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा चाखायचा. कडू लागला तर तो दुधी फेकायचा. कडू रस प्यायचाच नाही. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळायचा नाही. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात दुखणं, अस्वस्थ वाटणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखाना. याच्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाईन, बीपी सांभाळणं, पोटाला आराम, रक्तस्राव असेल तर त्याचा इलाज, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. जाताना काय प्यायलं ते सांगा, उरलेला रस असेल तर बाटलीत घेऊन जा. आईने नेला होता, पदराखाली झाकून.

चाखताना एकाच टोकाचा तुकडा घेऊ नका, हे माझं आपलं. देठाकडचा, मधला, असे दोन-तीन चाखा. चाखायचं म्हणजे जिभेवर ठेवून थुंकायचं. आणि ज्यांचं वय झालंय, ज्यांना सर्दी आहे, त्यांच्या जिभेवर विसंबू नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चाखू द्या.

‘दुसऱ्या रसात मिसळू नका’ यावर मला सगळ्यात जास्त मेसेज आले. कारण आपल्याकडे दुधी-कारलं ही जोडीच ठरलेली आहे. आता बघा, कारलं कडूच असतं. त्याचा कडूपणाही याच प्रकारच्या पण वेगळ्या द्रव्यांचा असतो, आणि तो आपल्याला अपेक्षित असतो. दुधीचा कडूपणा म्हणजे धोक्याची घंटा. दोन्ही एका ग्लासात घातले की ती घंटा कोणाला ऐकू जाणार? पप्पांच्या ग्लासात तेच झालं. कडू लागलं तर दोष कारल्याला.

बाकी कारल्याने शुगर उतरते का? २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि मधुमेहावर कारलं उपयोगी पडतं म्हणायला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. खाऊ नका असं नाही. आमच्याकडे कारल्याची भाजी आठवड्यातून एकदा होतेच, दाण्याचा कूट घालून, आणि मला आवडते. गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र कारल्याचा रस रोज सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगावं. दोन्ही मिळून साखर जास्त खाली गेली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

आता थोडं हलकं. एवढं सगळं सांगितल्यावर ज्यूस बंद करायचा का, असं एका ताईंनी विचारलं होतं. आमच्याकडे बंद नाही झाला, कमी झाला आणि बदलला.

केळी आणि पपईला ज्यूसरमध्ये घालायचं नाही, हे आधी सांगतो. शिरपूर तालुका, शहादा, पलीकडे रावेर-यावल, हा सगळा केळी-पपईचा पट्टा. घरी डझनावारी येतात. पहिल्याच आठवड्यात पप्पांनी ज्यूसरमध्ये केळी घातली आणि खालून रसच येईना, नुसता लगदा. केळ्यात पेक्टिन भरपूर, ते पाणी धरून ठेवतं, पिळून सुटत नाही. कारखान्यात केळ्याचा पातळ रस काढतात तो पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालून. घरी केळं खायचं किंवा दुधात घुसळायचं.

पपईची गंमत वेगळी. पपईच्या चिकात पपेन असतं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. त्याला बाजारात मोठी मागणी. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये बंद पडत चाललेला केळी पावडरचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. ठिबक सिंचन वगैरे पुढचं. आता हेच पपेन तुमच्या मिल्कशेकमध्ये काय करतं बघा. पपई दुधात घुसळून ठेवली की ते दुधातली प्रथिनं तोडायला लागतं, आणि त्या तुकड्यांची चव कडवट असते. म्हणून पपईचा शेक केल्या केल्या प्यायचा. तासाभराने कडू लागला तर फळ खराब नव्हतं, उशीर तुमचा. कच्च्या अननसाचंही तसंच. (हा कडूपणा दुधीसारखा विषारी नाही. पण आमच्या घरात आता कुठलाही कडू ग्लास समोर आला की सगळे एकमेकांकडे बघतात.)

सफरचंद, पेरू, उसाचा रस काळा पडतो त्याचं कारण हवा. पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि रंग तपकिरी होतो. लिंबू पिळलं की आम्लामुळे ती क्रिया मंदावते. रसवंतीवाला उसाबरोबर लिंबू-आलं चरकात घालतो, त्याने चव येते आणि रंगही टिकतो. काळा पडलेला रस लगेच विषारी होत नाही, पण कापलेलं, पिळलेलं, साखर असलेलं पाणी म्हणजे जंतूंना मेजवानी. आमच्या उन्हाळ्यात तर काढला की प्यायचा. ‘सकाळी काढून बाटलीत भरून ऑफिसला’ हे मी करत नाही.

किडनीचा त्रास असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, आणि ही कृपा करून गांभीर्याने घ्या. कमरख, ज्याला काही जण स्टार फ्रूट म्हणतात, त्याचा रस त्यांनी अजिबात घेऊ नये. त्यातली द्रव्यं निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि मेंदूवर परिणाम होतो, उचकी, गोंधळल्यासारखं होणं, झटके. पालकाचा कच्चा रस रोज मोठा ग्लास भरून, हाही प्रकार त्यांनी टाळावा. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि भाजीत एक जुडी चौघांत वाटली जाते, रसात दोन जुड्या एकाच्या पोटात. पोटॅशियमचाही प्रश्न असतो. त्यांनी कुठलाही रस डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या घरचं आताचं सांगतो. सकाळी लिंबूपाणी, मीठ-जिरे घालून, साखर नाही. फळ कापून. पपईच्या चार फोडी, कधी पेरू, मोसंबीच्या दिवसात मोसंबी सोलून, पांढऱ्या सालीसकट. आठवड्यातून एक-दोनदा लहान ग्लासभर गाजर-टोमॅटोचा रस, मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलेला, गाळणीतून अर्धवट गाळलेला, म्हणजे थोडा चोथा आतच राहतो. ऑगस्टच्या तपासणीत ७.२ आलं. गोळीचा डोसही मधे बदलला होता, त्यामुळे श्रेय ज्यूस बंद केल्याला किती ते मी सांगणार नाही.

दुधीचा रस पप्पांनी सोडला. भाजी खातात. जिभाऊंना जाऊन त्यांनी स्वतः सगळं सांगितलं, मास्तरांच्या पद्धतीने, खडू-फळा नव्हता एवढंच. जिभाऊ म्हणाले, ‘मी इतली वर्षं पेस, मले काही नही व्हयनं.’ पण दुसऱ्या दिवसापासून चाखून पितात असं कळलं. मामांनी बांधावरचा वेल उपटून टाकला.

आणि तो ज्यूसर आहे. आईने त्याचं काम बदललंय. गाजराचा रस काढला की चोथा फेकत नाही, तुरीच्या डाळीच्या वाटणात मिसळून फुनके करते, वरून कढी. कुकरची शिट्टी ऐकली ना तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये, आणि मग आईचा आवाज, ती हेच विचारत होती की मीठ बघून जा.